आव्याखालची माती

क्षणभर असं समजा, की तुमच्या तळहातावर वाळूचा एकच कण आहे. मिठाच्या खड्याहूनही लहान. आता मूठ घट्ट मिटा. कणाला उजेड दिसेनासा झाला. आणि त्या अंधारात त्याने मोजायला सुरुवात केली, असंही समजा. एक, दोन, तीन... तुम्ही मूठ उघडाल तेव्हा तो सांगेल, मी इतका वेळ अंधारात होतो. मूठ हजार वर्षं मिटलेली असली, तर तो हजार वर्षं म्हणेल.

वाळूचे कण खरोखरच असं काहीसं मोजत असतात. पूर्वी त्यांची मोजणी वाचायची तर काळोख्या प्रयोगशाळा लागत आणि महिनेच्या महिने जात. आपल्या गोष्टीच्या काळात, म्हणजे आजपासून पंचवीस-तीस वर्षांनी, ते काम करणारं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं झालं होतं. एका मंगळवारी सकाळी ते यंत्र कऱ्हाडच्या कुंभारगल्लीत आलं, तेव्हा अकरा वर्षांची मनवा ओट्यावर उभी राहून दात घासत होती.

यंत्राच्या मागोमाग डॉक्टर शमीम इनामदार आल्या. डॉक्टर म्हणजे औषधाच्या नव्हेत, पुरातत्त्वाच्या. साठीला टेकलेल्या, डोक्यावर उन्हाची टोपी, खिशातून डोकावणारी माती खरवडायची करणी आणि बुटांना चार जिल्ह्यांची माती.

"हितं काय खणताय?" मनवाने तोंडातला फेस सांभाळत विचारलं.

"आधी चूळ भर," शमीम मॅडम म्हणाल्या, "मग सांगते. तोंड बंद ठेवता आलं तरच कान उघडे राहतात."

नऊ घरांच्या त्या गल्लीभोवती आता दहा-दहा मजली इमारती उभ्या होत्या. गल्लीत चाक फिरायचं ते तीनच घरांत, आणि आवा एकच पेटायचा. आवा म्हणजे मडकी भाजायची कुंभाराची उघडी भट्टी. तो मनवाच्या आजोबांचा, ज्ञानूआबांचा होता. गल्लीच्या टोकाला माणसाहून उंच असा एक उंचवटा होता, पुराचं पाणी लागू नये म्हणून कुणी घातलेला असं सगळे समजत, त्याच्या डोक्यावर.

पालिकेला या जागेखाली चार मजली वाहनतळ बांधायचा होता. पण जुन्या शहरात इतकं खोल उतरायचं, तर आधी चाचणी-उत्खनन करावं लागे. म्हणजे एक लहानसा खड्डा घेऊन खाली काय आहे ते पाहायचं. आणि कायदा असा होता, की एकाच जागी पाचशे वर्षं चालत आलेला व्यवसाय सिद्ध झाला तर तो तिथून हलवता येणार नाही. सिद्ध झाला नाही, तर नऊही घरांना गावाबाहेर नवे फ्लॅट मिळणार होते. तिथे लिफ्ट होती, चोवीस तास पाणी होतं. फक्त आवा पेटवायला परवानगी नव्हती.

"पाचशे?" आबा हसले. "मॅडम, आमचा आवा एकोणतीस पिढ्यांचा हाय. माझ्या आज्यानं मला मोजून दाखवल्यात. यंत्राला इचारा न्हाईतर नदीला इचारा."

"नदी कागदावर सही करत नाही, आबा," शमीम मॅडम म्हणाल्या. "यंत्रालाच विचारू."

खड्डा घ्यायचा कुठे, हा प्रश्न नव्हताच. सगळीकडे घरं, फरशी, गटारं. मोकळी जागा एकच होती, आव्याच्या उंचवट्याशेजारी दोन खाटा मावतील एवढी. तिथे दोऱ्या ताणून चौकोन आखला गेला. शेजारच्या हौसाकाकू दारातून ओरडल्या, "मॅडम, सोनं निघालं तर पहिलं मला दाखवा हां! भांडी घासायला तेवढाच दम येईल!"

शाळेला सुट्टी लागलेली. मनवा पहिल्याच दिवशी खड्ड्याला चिकटली ती चिकटलीच. वरवरची माती कशी खरवडायची, थर बदलला की रंग कसा बदलतो, खापराचा तुकडा उपटायचा नाही तर भोवतीची माती काढून त्याला मोकळं कसं करायचं, हे ती शिकली. आणि तिसऱ्या दिवशी शमीम मॅडमनी तिला काळ्या ताडपत्रीखाली नेलं.

आत फक्त एक मंद लाल दिवा होता. या दिव्याने कणांना काही होत नाही, म्हणून तो चालायचा. मॅडमनी खड्ड्याच्या भिंतीत एक लोखंडी नळी ठोकून बसवली, मातीसकट बाहेर काढली आणि तिची दोन्ही तोंडं लगेच काळ्या टोप्यांनी बंद केली.

"आता सांगा, वाळूचा कण वर्षं मोजतो कसा?" मनवाने विचारलं.

"तुमच्या घरी रांजण आहे ना? नळ गळका आहे असं समज. थेंब, थेंब, थेंब. रांजणात पाणी किती साठलं ते पाहून नळ किती वेळ गळतोय ते सांगता येईल?"

"येईल की. एका तासाला किती गळतं ते ठावं पायजे."

"शाबास. मातीत सगळीकडे अगदी किंचित किरणोत्सर्ग असतो. दिसत नाही, बाधत नाही, पण अखंड चालू असतो. तो आपला गळका नळ. वाळूचा कण हा रांजण. कण अंधारात असेल तोवर त्या किरणांची ऊर्जा त्याच्यात थेंबाथेंबाने साठत राहते. यंत्र त्या कणावर निळा प्रकाश टाकतं, तेव्हा साठलेली ऊर्जा बाहेर पडते आणि कण इवलासा चमकतो. जितका जास्त चमकेल तितकी जास्त वर्षं."

"आणि मधीच ऊन लागलं तर?"

"रांजण उपडा. मोजणी पुन्हा शून्यापासून. आगीत पडला तरी तेच. म्हणून मडकं भाजलं की त्याच्या मातीतला कणन्‌कण रिकामा होतो आणि त्या दिवसापासून नव्याने मोजू लागतो."

मनवाने नळीकडे पाहिलं. त्या बोटभर मातीत हजारो रांजण थेंबाथेंबाने भरत होते, आणि आजवर एकानेही मोजण्यात खंड पाडला नव्हता. शाळेच्या वहीवर आपलं नाव लिहितानाही तिने कधी घेतली नव्हती एवढी काळजी घेत, हलक्या हाताने तिने ती नळी उचलली.

साडेपाच फुटांवर पाणी लागलं. नदी जवळ, त्यामुळे त्याखाली जाता येईना. तोवर निघालेली माती आणि खापरं यंत्राने वाचली. शुक्रवारी दुपारी पालिकेचे अभियंता धुमाळ साहेब आले, सगळी गल्ली गोळा झाली आणि शमीम मॅडम म्हणाल्या, "मनवा, तू वाच. तू मेहनत केली आहेस."

मनवा मोठ्या आवाजात वाचू लागली. "वरचा थर, माती : पंचाहत्तर वर्षं. मधला थर, माती : ऐंशी. खालचा थर, माती..." तिचा आवाज अडखळला. "ब्याऐंशी. खापर, नमुना एक : ऐंशी वर्षं. नमुना दोन : एकोणऐंशी. नमुना तीन..."

"पुरे," आबा म्हणाले.

धुमाळ साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागदावर लिहिताना मान खाली घातली. "मंगळवारपर्यंत मुदत आहे, मॅडम. पण ऐंशी आणि पाचशे यांत फार अंतर आहे."

आबा उठून घरात गेले. मनवा मागोमाग गेली. ते चाकासमोर बसले होते, पण चाक थांबलेलं होतं.

"आबा, यंत्र चुकलं असंल."

"यंत्राला माझ्याशी काय वैर हाय?" आबा म्हणाले. "माझा आज्जाच खोटं बोलला असंल. नातवाला बरं वाटावं म्हणून मोजल्या असतील पिढ्या. म्या खुळ्यासारखा साऱ्या गावाला सांगत फिरलो." मग त्यांनी विचारलं, "तूच का वाचलंस गं?"

त्या संध्याकाळी मनवा खड्ड्याकडे फिरकली नाही.

रविवारी आबांनी शेवटचा आवा लावायला घेतला. उन्हाळ्याचे माठ तयार होते, ते कच्चे टाकून कसं चालेल? हौसाकाकू, मनवाची आई, सगळी हाताखाली आली. खाली शेण्या, म्हणजे गोवऱ्या, त्यावर माठांची उतरंड आणि कडेला मनवाने केलेलं एक बोळकं, फटींत शेण्यांचे तुकडे. वर उसाचं पाचट. आणि त्यावर, आतली धग आतच राहावी म्हणून, जुन्या खापरांचं पांघरूण.

मनवा पाटीतून खापऱ्या आणून देत होती. आबा एकेक तुकडा लावत होते, कौलं शाकारावीत तसे.

"आबा, ह्या खापऱ्या कुठनं आणतो आपण?"

"कुठनं म्हंजे? हितनंच." आबांनी न बघता खड्ड्याच्या दिशेने हात केला. "पूर्वी कमी पडल्या की जरा खणायचे, निघायच्या. जुन्याच बऱ्या. नव्या तडकतात. माझ्या आज्यानं तर माणसाच्या उंचीएवढं खणलं हुतं एकदा. तवापास्नं आमाला खणायची पाळी आली न्हाई. आव्यावर भाजून बारीक झालेल्या त्यानं मातीसंगट परत त्याच खड्ड्यात लोटल्या, बाकीच्या आमी अजून फिरवून फिरवून वापरतो."

मनवा पाटी हातात धरून उभी राहिली.

"अगं, दे की. का फोटो काढायचाय?" हौसाकाकू म्हणाल्या.

मनवाने पाटी तिथेच ठेवली आणि उंचवट्यावरून घसरत खाली आली. लहानपणापासून ती तशीच घसरायची. शमीम मॅडम खड्ड्याच्या भिंतींची चित्रं काढत बसल्या होत्या.

"मॅडम, एकदा भाजलेलं खापर पुन्हा भाजलं, तर यंत्र कुठली भाजणी सांगंल? पहिली का शेवटची?"

"शेवटची. रांजण पुन्हा उपडा होणार ना..." मॅडमचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी वर पाहिलं. आव्यावर आबा खापऱ्या लावत होते. मॅडमच्या हातातलं शाईचं पेन चित्रावर तसंच टेकलेलं राहिलं, आणि तिथे एक ठिपका मोठा होत गेला.

"आणि माती बी," मनवा घाईघाईने म्हणाली. "आबांच्या आज्यानं खणली, वर उन्हात टाकली, परत लोटली. ती बी उपडी झाली!"

"या अल्ला," शमीम मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून मोठ्याने हसल्या. "सगळ्या गल्लीत एकच जागा मोकळी आहे म्हणून मी तिथे खणलं. ती मोकळी का राहिली, हे मी कोणाला विचारलंच नाही! मनवा, चौतीस वर्षं मी मातीला प्रश्न विचारतेय. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं मात्र विसरले."

त्यांनी यंत्र उघडलं. यंत्राची एक रीत होती. बहुतेक कण जे सांगतील तेवढं यंत्र धरायचं, आणि फटकून वागणारे थोडे कण चूक समजून बाजूला काढायचं. मॅडमनी ते बाजूला काढलेले कण पडद्यावर मागवले. खालच्या थरात असे एकवीस निघाले. ढेकळाच्या पोटात राहून ते ऊन लागण्यापासून वाचले असणार. तीनशे दहा. पाचशे पन्नास. सहाशे पाच.

"म्हंजे आज्जा खरं बोलला!"

"बोलला असेल. पण एवढ्यावर धुमाळ साहेब ऐकायचे नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं. एकवीस सुटे कण कुठूनही वाहत येऊ शकतात. आपल्याला अशी जागा पाहिजे, की जिथे कोणी कधीच खणलं नाही, आणि तरी आग मात्र पिढ्यान्‌पिढ्या पेटत राहिली."

मनवाने उंचवट्याकडे पाहिलं. मॅडमनीही.

"आग जमिनीत किती खोल शिरते, मॅडम?"

"कणांना उपडं करण्याइतकी? अशा उघड्या भट्टीत चार-पाच बोटं. फार तर वीत."

"आबा दर सालाला आव्याचा तळ नव्या मातीनं लिंपतात. म्हंजे तळ वर वर येत जातो." मनवाचे डोळे चमकत होते. "तो उंचवटा पुराच्या भीतीनं कुणी घातलेला न्हाई मॅडम. आवाच वाढलाय."

रात्रभर आवा जळला आणि सोमवारी दुपारी माठ निघाले. ठणठणीत वाजणारे, तांबडेलाल. ते घरात नेऊन ठेवल्यावर मनवाने आबांना सगळं सांगितलं. रांजण, थेंब, खापऱ्या, सगळं. आबा ऐकत होते. आज्जा खोटं बोलला नव्हता इथवर आल्यावर त्यांनी डोळे पुसले. आवा कापावा लागेल इथवर आल्यावर त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"आव्याखाली कुदळ घालत न्हाईत," ते म्हणाले. "खापऱ्यांसाठी गल्ली उकरली आमी, पण आव्याखाली कधी न्हाई. दिवा लावतो तिथं."

"आबा, म्हणूनच तर ती माती खरी राहिली," शमीम मॅडम दारातूनच म्हणाल्या. त्या आत आल्या नाहीत. "पण मी तुम्हाला फसवणार नाही. खाली काय आहे ते मला ठाऊक नाही. आवा अर्धा कापावा लागेल, आणि खाली नुसती भरावाची माती निघाली, तर आवाही जाईल आणि गल्लीही. नाही म्हणालात तर मी अहवालात लिहीन की पुरावा अपुरा आहे. त्याने काही होईल असं वाटत नाही. पण आवा शेवटपर्यंत अख्खा राहील."

आबा नातीकडे वळले.

"वाचणार कोण?"

"मी वाचणार न्हाई आबा," मनवा म्हणाली. "मॅडमना वाचू द्या."

"मागल्या बारीला बी तूच वाचलंस. ह्या बारीला बी तूच वाचायचं. जे असंल ते. आवाज खाली आणायचा न्हाई." ते उठले आणि कोपऱ्यातली कुदळ त्यांनी स्वतः घेतली. "पहिला घाव माझा. परक्या हातानं आवा तुटायचा न्हाई."

मंगळवारी सकाळी दिवा लावून, नारळ ठेवून आबांनी आवा कापला. मधोमध, वरून खाली, पाव कापावा तसा सरळ. दुसऱ्या कुणाच्याही कुदळीला इतकी सरळ रेघ आली नसती. दहा वाजेतो माणसाच्या उंचीची भिंत उघडी पडली आणि गल्ली बघतच राहिली. तांबडा पट्टा, राखेचा पट्टा, तांबडा पट्टा, राखेचा पट्टा. एखाद्या जाड वहीची पानं कडेने दिसावीत तसे शेकडो थर.

"अगं बाई," हौसाकाकू एवढंच म्हणाल्या. त्यांना पुढचा विनोद सुचला नाही.

उजेड लागलेला वरचा पापुद्रा ताडपत्रीखाली खरवडून काढला, आतल्या मातीत वरपासून खालपर्यंत नळ्या ठोकल्या. धुमाळ साहेब खुर्ची घेऊन बसले. मनवा यंत्रासमोर उभी राहिली.

"एक नंबर : बावीस वर्षं. दोन नंबर : नव्वद. तीन : एकशे ऐंशी. चार : तीनशे." तिने बोट पुढच्या आकड्यावर नेलं. "पाच : चारशे सत्तर."

आणि तिथे तांबडे पट्टे संपले होते. त्याखाली हातभर पिवळसर गाळ होता, गुळगुळीत, राखेचा कणही नसलेला. सगळ्यांना ते दिसत होतं. धुमाळ साहेबांनी घड्याळात पाहिलं. आबा भिंतीला टेकून उभे होते, डोळे मिटून.

"सहा : गाळ. चारशे नव्वद."

"पुराचा आहे," शमीम मॅडम हळूच म्हणाल्या. "मोठा पूर. सगळं बुडवून गेलेला." त्या गुडघ्यांवर बसल्या आणि गाळाच्या खालची माती करणीने एक-दोन बोटं खरवडू लागल्या. थोडी अजून. थोडी अजून. करणीच्या टोकाला काहीतरी तांबडं लागलं.

खाली पुन्हा तांबडा पट्टा होता. राखेचा पट्टा. तांबडा पट्टा.

एकेक थर खाली जात आणखी चार नळ्या ठोकल्या, काढल्या, झाकल्या. यंत्राने त्याचा नेहमीचा वेळ घेतला.

"सात," मनवा वाचू लागली, आणि तिचा आवाज इतका वर गेला की समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या. "पाचशे वीस! आठ : सहाशे दहा! नऊ : सहाशे ऐंशी! दहा, सगळ्यात खालचा : सातशे तीस!"

"पन्नास-एक वर्षं इकडेतिकडे," शमीम मॅडमनी प्रामाणिकपणे जोडलं. पण त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी गाळाच्या त्या हातभर पट्ट्यावर तळवा ठेवला. "हे बघा, साहेब. नदीने त्यांचं सगळं नेलं. आवा दिसेनासा झाला. आणि पाणी ओसरल्यावर त्यांनी जागा शोधून काढली आणि बरोबर तिथेच पुन्हा विस्तव ठेवला. मी पुष्कळ शहरं खणली आहेत. असं कुठे पाहिलं नाही."

धुमाळ साहेब बोटांवर काहीतरी मोजत होते. "एका पिढीला पंचवीस वर्षं धरली," ते म्हणाले, "तर सातशे तीस म्हणजे एकोणतीस पिढ्याच की, आबा."

आबांनी डोळे उघडले. "माझ्या आज्याला मोजता येत हुतं," ते म्हणाले आणि मनवाच्या डोक्यावर राखेने माखलेला हात ठेवला.

गल्ली राहिली. आबांनी आव्याची कापलेली बाजू नव्या मातीने बांधून काढायला घेतली, आणि जाताना शमीम मॅडम आपला खड्डा बुजवायला लागल्या. पुरातत्त्वातल्या माणसांची एक पद्धत असते. खड्डा बुजवण्याआधी तळाशी आजची एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे पुढे कधी कोणी खणलं तर त्याला कळावं, की इथे आधी कोणी येऊन गेलंय.

"मी साधारणपणे तारखेची पट्टी ठेवते," मॅडम म्हणाल्या. "या वेळी तू सांग, काय ठेवू?"

मनवा काही न बोलता नदीवर गेली. ओंजळभर वाळू घेऊन आली. ती तिने पत्र्याच्या ताटात पातळ पसरली, ताट गच्चीवर भर उन्हात ठेवलं आणि दुपारभर शेजारी बसून बोटांनी वाळू खालीवर करत राहिली; एकही कण सावलीत राहू नये म्हणून. मग काळ्या ताडपत्रीखाली, लाल दिव्यात, तिने ती वाळू रविवारच्या आव्यात भाजलेल्या आपल्या पहिल्यावहिल्या बोळक्यात भरली. बोळकं जरा वाकडं होतं. आबांनी दिलेल्या ओल्या मातीने तिने त्याचं तोंड पक्कं लिंपलं, शिडीने खड्ड्यात उतरून ते मधोमध ठेवलं आणि वर आली.

पहिली पाटी तिनेच ओतली. बोळकं मातीखाली दिसेनासं झालं, तशी ती वाकली आणि खड्ड्यात बघून हळूच म्हणाली, "एक."